नसबंदी : पुरुषाकडून स्त्रीकडे सरकलेला भार

१/७
आज ‘कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन’ म्हटले की स्त्रीच डोळ्यांसमोर येते. पन्नास वर्षांपूर्वी चित्र उलट होते. ते कसे पालटले?

२/७
र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. मूल हवे की नको, हा निर्णय स्त्रीच्या हाती असावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे अधिकार मागे राहिला, भार तेवढा तिच्याकडे आला.

३/७
१९५२ मध्ये शासकीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याची मदार पुरुष नसबंदीवर राहिली. कारण सरळ होते : पोट उघडावे लागत नाही, स्थानिक भूल पुरते. जुलै १९७१ मध्ये एर्नाकुलमच्या एकाच शिबिरात सुमारे ६३ हजार पुरुषांवर शस्त्रक्रिया झाली.

४/७
मग आणीबाणी आली. १९७६-७७ मध्ये ८२ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील सुमारे ६२ लाख पुरुषांच्या, आणि अनेक सक्तीच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले.

५/७
मार्च १९७७ मध्ये सरकार पडले. पुढील वर्षी शस्त्रक्रिया दहा लाखांच्याही खाली आल्या. पुरुषाला हात लावण्याचे धाडस पुन्हा कोणी केले नाही. उद्दिष्टे मात्र कायम राहिली. १९८० च्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिबिरांत पोहोचली आणि बाळंतपणासाठी दवाखान्यात येणारी स्त्री यंत्रणेला सहज सापडली. पुरुष मतदाराच्या संतापाची किंमत तिने मोजली.

६/७
२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार विवाहितांमध्ये स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, निरोध ९.५ टक्के, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. बहुतेकींची शस्त्रक्रिया विशीत किंवा तिशीच्या आरंभी होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील किमान तेरा जणी दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत अशी शिबिरे बंद करण्याचे निर्देश दिले.

७/७
नसबंदी गर्भधारणा टाळते, लैंगिक संसर्ग नाही. पंचविशीत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला संसर्गापासून वाचवणारे निरोधासारखे साधन बहुधा नवऱ्याच्या मर्जीवरच राहते. आणीबाणीची जखम पुरुषाच्या स्मरणात राहिली. व्रण स्त्रीच्या पोटावर उमटला.