जागरण कोणाचे?

मुलाला अभ्यासाला बसवताना रामजी सुभेदारांची गोष्ट सांगितली नाही, असे घर आपल्या वस्त्यांत विरळाच. परळच्या चाळीतील अपुरी जागा, काच नसलेला रॉकेलचा दिवा आणि रात्री दोन वाजता उठून अभ्यासाला बसणारा भीम. मीही ती गोष्ट माझ्या दुसरीतल्या मुलीला सांगितली. ती पाढे म्हणता म्हणता पेंगत होती आणि माझा आवाज चढला होता. गावाहून आलेली आक्का ऐकत होती. ती म्हणाली, "आरं, त्यांचा बाप जागा राहायचा. तू कुठं जागा राहतूस?"

मी इतिहास शिकवतो. पण गोष्टीचा हा अर्धा भाग मी कधी वर्गात सांगितला नव्हता. चरित्रकार सांगतात ते असे : रामजी मुलाला लवकर निजवीत, स्वतः दोनपर्यंत जागत, त्याला उठवीत आणि मग आपण अंग टाकीत. म्हणजे काळजी बापाची होती आणि तिची किंमतही बापानेच आपल्या झोपेतून मोजली होती. आज आपण ती गोष्ट मुलांवर छडीसारखी उगारतो, तेव्हा बाप गाळतो आणि दिवा तेवढा ठेवतो.

किंमत एकट्या बापानेही मोजली नाही. पुस्तकांसाठी पैसे नसत तेव्हा रामजी आपल्या विवाहित मुलींकडून दागिने मागून आणीत, ते गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. दोघांच्या शिक्षणाचा भार पेलेना, तेव्हा आनंदरावांना नोकरीला लावले आणि भीमरावांचे शिक्षण चालू राहिले. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या यशामागे दोन बहिणींचे दागिने व एका भावाची सुटलेली शाळा होती, हे इतिहासात ठळक अक्षरांत लिहिले पाहिजे.

आपल्या आईबापांची काळजी ही 'आपले पोर दुसऱ्याच्या पुढे कसे जाईल' अशी नव्हती. पहिली काळजी पोर जगेल की नाही ही होती. 1855 साली मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने 'ज्ञानोदया'त लिहिलेल्या निबंधात, घरावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल मांडले. रामजी-भीमाबाईंच्या चौदा अपत्यांपैकी पाच जगली. बाबासाहेब व रमाबाई यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव हाती लागले. दुसरी काळजी शाळेच्या दाराची. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि सरकारने तो दिला नाही. ज्यांनी हे भोगले त्यांच्या काळजीला 'हट्ट' म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. एक चूक झाली तर पोर पुन्हा त्याच कामाला जुंपले जाईल, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणूनच 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयांना सांगितले, की मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका. हे सांगणे सभेत, सर्वांसमक्ष, एका समाजाला उद्देशून होते. एकेका घराने दार लावून आपापल्या मुलाला पळवावे, असे त्यात कुठेही नव्हते.

आज ती काळजी बाजाराने विकत घेतली आहे आणि आपल्यालाच हप्त्याने विकतो आहे. बालवर्गाच्या प्रवेशाला आईबापांच्या मुलाखती, पाचवीपासून स्पर्धा परीक्षेचे क्लास. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास आणि देणगी घेण्यास मनाई केली आहे. किती पालकांना हे ठाऊक आहे? त्याच कायद्याने खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी 25 टक्के जागा ठेवल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना त्यातून सूट दिली. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या महिन्यांत आम्ही सुशिक्षित नोकरदार मात्र आपापल्या मुलांच्या गुणपत्रिका पाहण्यात दंग होतो. हे मी माझ्यासकट लिहितो.

आक्काची शाळा सातवीत सुटली. मायबाप रोजंदारीवर जात, आम्हा धाकट्यांना सांभाळायला घरी कोणी नव्हते. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून गावात माझा सत्कार झाला, तेव्हा ती मागे भाकरी थापत होती. माझी पदवी तिच्या सुटलेल्या पाच-सहा वर्षांवर उभी आहे. हे ऋण मी माझ्या मुलीच्या टक्केवारीतून फेडू शकत नाही. ते तिच्या डोक्यावर ठेवणे हा तर अन्यायच आहे.

ते ऋण समाजाचे आहे. समाजातच फेडले पाहिजे. नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक आहेत की नाहीत, 25 टक्क्यांचा अर्ज वस्तीतल्या कोणी भरला, कोणाचा राहिला, सातवीनंतर कोणाची पोरगी घरी बसली, याची काळजी आपण वाहतो का? पालक म्हणून माझी परीक्षा इथे आहे.

आता रविवारी सकाळी आमच्या विहारात वस्तीतली मुले अभ्यासाला बसतात. माझी मुलगीही त्यांच्यात असते. रात्री मी तिला वेळेवर निजवतो आणि त्या मुलांच्या वह्या तपासत मी जागा राहतो.