चार गोळ्यांमागचा इतिहास : प्रोस्टेट कर्करोग आणि संप्रेरक-उपचार

सकाळी उपाशीपोटी २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, त्यांच्या जोडीला प्रेडनिसोलोन, आणि दर काही महिन्यांनी एक इंजेक्शन. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पसरलेल्या अनेक रुग्णांचा दिनक्रम आज असा असतो. दिल्ली, कोलकाता, पुणे, तिरुवनंतपुरम यांसारख्या शहरांच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमधील हा आजार वरच्या काही स्थानांत येतो. त्यामुळे हा दिनक्रम असंख्य भारतीय घरांच्या परिचयाचा झाला आहे. मात्र ट्यूमरला थेट न मारता त्याचे पोषण तोडणारे हे औषध कोणत्या विचारातून जन्मले, हे क्वचितच सांगितले जाते.

या विचाराचा उगम शिकागो विद्यापीठात झाला. चार्ल्स हगिन्झ हे मूळचे कॅनडातील शल्यविशारद तेथे कुत्र्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या स्रावाचा अभ्यास करीत होते. वृषणे काढली की हा स्राव थांबतो आणि ग्रंथी आक्रसते, हे त्यांच्या लक्षात आले. वयस्क कुत्र्यांच्या प्रोस्टेटमधील गाठीही तशाच आक्रसत होत्या. मग माणसातील कर्करोगही पुरुष-संप्रेरकावरच जगत असेल काय? १९४१ साली हगिन्झ आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध केले. वृषणे काढल्यावर किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यावर रुग्णांच्या रक्तातील ॲसिड फॉस्फटेज हे विकर घटत होते. टेस्टोस्टेरॉन टोचल्यावर ते वाढत होते. हाडांच्या वेदनांनी जखडलेल्या अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर आराम मिळाला.

कर्करोगाची पेशी संपूर्णपणे स्वैर असते, या तत्कालीन समजुतीला हा मोठा धक्का होता. काही कर्करोग शरीराच्या आज्ञेत राहतात, निदान काही काळ तरी, हे त्यातून सिद्ध झाले. या कार्यासाठी हगिन्झ यांना १९६६ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

तथापि, आराम टिकत नसे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी रोग परतत असे. वृषणांखेरीज अधिवृक्क ग्रंथीही अल्प प्रमाणात पुरुष-संप्रेरके तयार करतात, म्हणून १९४५ मध्ये हगिन्झ यांनी काही रुग्णांच्या त्या ग्रंथीही काढून पाहिल्या. जीवनावश्यक स्टेरॉइड संप्रेरकांची उणीव भरून काढणारे पुरेसे औषध तेव्हा उपलब्ध नव्हते आणि हा प्रयत्न फसला. तर्क योग्य होता. साधन मात्र नव्हते.

स्त्री-संप्रेरकाच्या मार्गानेही किंमत वसूल केली. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स व सहकाऱ्यांनी १९३८ साली घडवलेले डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल स्वस्त होते आणि तोंडाने घेता येत होते. परंतु १९६०च्या दशकात अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत, दररोज ५ मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले आढळले. कर्करोग आवरला, पण जीव वाचला असे नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

पुढची वाट मेंदूतून निघाली. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांच्या परस्परस्पर्धी प्रयोगशाळांनी १९७१ मध्ये हायपोथॅलॅमसमधील गोनॅडोट्रॉपिन-मुक्तक संप्रेरकाची रचना उलगडली. १९७७ च्या नोबेलमध्ये दोघेही वाटेकरी होते. हे संप्रेरक लाटालाटांनी आले तर पीयूषिका ग्रंथी जागी राहते. सतत मिळाले तर ती प्रतिसाद देणेच सोडते. या विरोधाभासावर उभे राहिलेले ल्युप्रोलाइड इंजेक्शन १९८५ साली अमेरिकेत मान्य झाले. शस्त्रक्रियेविना वृषणांचे काम थांबवता येऊ लागले.

अधिवृक्क ग्रंथींचा प्रश्न सुटायला मात्र २०११ उजाडले. लंडनच्या कर्करोग संशोधन संस्थेत शोधलेले अबिरॅटेरॉन हे औषध, पुरुष-संप्रेरक घडवणारे विकर वृषणे, अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द ट्यूमर या तिन्ही ठिकाणी अडवते. केमोथेरपी घेऊन झालेल्या रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान १०.९ महिन्यांवरून १४.८ महिन्यांवर गेले. सोबतचे प्रेडनिसोलोन विकर अडल्याने बिघडणारा रक्तदाब आणि पोटॅशियम यांचा तोल सांभाळते. हगिन्झ यांच्या फसलेल्या शस्त्रक्रियेचा तर्क अशा रीतीने एका गोळीत उतरला.

भारतात या इतिहासाला आणखी एक बाजू आहे, ती पैशाची. इंजेक्शन आयुष्यभर परवडणार नाही, म्हणून वृषणे काढण्याची एकदाच होणारी शस्त्रक्रिया येथे अनेकांनी स्वीकारली आहे. वैद्यकीयदृष्ट्या ती तुल्यबळ आहे. परंतु निवड आणि नाइलाज यांत अंतर असते. २०१६ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने एन्झालुटामाइड या दुसऱ्या नव्या औषधाचा पेटंट अर्ज नाकारला. त्यावर न्यायालयीन वादही झाला. देशी कंपन्यांच्या आवृत्त्या मात्र बाजारात आल्या.

२०१८ साली शिकागो विद्यापीठाच्याच संशोधकांच्या पुढाकाराने ७२ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली : उपाशीपोटी १००० मिलिग्रॅमऐवजी हलक्या न्याहारीसोबत अबिरॅटेरॉनची २५० मिलिग्रॅमची एकच गोळी. अन्नासोबत औषध कितीतरी अधिक शोषले जाते, हा त्यामागचा साधा आधार. रक्तातील पीएसएवरचा परिणाम पूर्ण मात्रेहून कमी पडला नाही. चाचणी लहान होती आणि तिने आयुर्मान मोजलेले नाही. त्यामुळे असा बदल डॉक्टरांच्या सल्ल्याविना करणे धोक्याचे आहे. तरीही चारांऐवजी एक गोळी म्हणजे औषधाचा खर्च एक-चतुर्थांश, हे गणित भारतीय कर्करोगतज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेले नाही.

हाडे ठिसूळ होणे, अंगातून वाफा निघणे, स्नायू झिजणे, कामेच्छा मावळणे, मन खिन्न होणे : संप्रेरक तोडण्याची ही किंमत १९४१ पासून फारशी बदललेली नाही. लाजेपोटी अनेक पुरुष ती घरात वा डॉक्टरांपुढे बोलून दाखवत नाहीत आणि एके दिवशी औषधच सोडून देतात. हाडांच्या झिजेवर, वाफांवर, खिन्नतेवर आज उपाय आहेत. मात्र ते बोलणाऱ्यालाच मिळतात.