दोन विशेषणांचा इतिहास

परभाषेंतील नामें लवकर पाठ होतात. क्रियापदेंहि व्याकरणाच्या धाकानें हळूहळू वळणावर येतात. परंतु कमीअधिक प्रमाण दाखविणारे शब्द मात्र वर्षानुवर्षें हुलकावणी देत राहतात. इंग्रजी शिकवितांना आम्हांस हा अनुभव नित्य येतो. मराठींत ‘चहा फार कढत आहे’ एवढ्या एकाच वाक्यानें चहाचें वर्णनहि होतें आणि तो पिववत नाहीं ही तक्रारहि होते. इंग्रजींत पहिल्या अर्थास ‘व्हेरी’ लागतें, दुसऱ्यास ‘टू’. हा भेद उमगला म्हणजे विद्यार्थ्याच्या ध्यानांत येतें कीं, अशा शब्दांमागें कोणाची तरी मर्यादा गृहीत धरलेली असते. ‘टू हॉट’ म्हटलें कीं, कोणाच्या जिभेला, हा प्रश्न ओघानेंच येतो. वर्गांत हा प्रश्न विसरला तर एखादा गुण जातो. राजकारणांत तो विसरल्यास काय जातें, हें पाहावयाचें असेल तर ‘मॉडरेट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ ह्या दोन विशेषणांचा आमच्या देशांतील इतिहास आठवावा.

दोन्ही शब्द मूळचे लॅटिन. ‘मॉडरेट’च्या मुळाशीं ‘माप’ ह्या अर्थाचा शब्द आहे. ‘एक्स्ट्रीम’चा मूळ अर्थ ‘सर्वांत बाहेरचा’. म्हणजे एक शब्द मापाचा, दुसरा अंतराचा. मनुष्याच्या स्वभावाविषयीं दोहोंतहि अवाक्षर नाहीं. १९०५ सालीं बंगालची फाळणी झाल्यावर बहिष्कार व स्वराज्य ह्या प्रश्नांवरून राष्ट्रीय सभेंत जे दोन तट पडले, त्यांना हीं नांवें चिकटलीं. मराठींत येतांना त्यांचे ‘मवाळ’ व ‘जहाल’ झाले. भाषांतर चटकदार खरें, पण त्यानें अर्थ जागचा हलला. मवाळ म्हणजे मऊ, नरम. जहाल हा शब्द विषाला किंवा तीव्र औषधाला लावावयाचा. त्यामुळें मापानें चालणारा तो लेचापेचा आणि कडेला उभा राहणारा तो दाहक, अशी समजूत रूढ झाली. जो शब्द जागा दाखवीत होता तो स्वभाव दाखवूं लागला.

ही समजूत वस्तुस्थितीला कितपत धरून होती? गोपाळ कृष्ण गोखले हे मवाळांचे अग्रणी. १९०२ च्या मार्चमध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलतांना त्यांनीं सरकारची शिल्लक ही भरभराटीची खूण नसून, गांजलेल्या रयतेवर गरजेपेक्षां अधिक कर बसविल्याची खूण आहे, असें आंकड्यांनिशीं दाखवून दिलें. मिठावरील कर तेव्हां मणामागें अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन रुपयांवर आणि १९०७ सालीं एक रुपयावर आला. १९०५ च्या काशीच्या अधिवेशनांत अध्यक्षपदावरून त्यांनीं लॉर्ड कर्झनच्या कारभाराला औरंगजेबाच्या कारभाराची उपमा दिली. ह्यास मऊपणा म्हणावयाचें असेल तर मऊ शब्दाचा अर्थच बदलावा लागेल. उलट, जहालांचे धुरीण लोकमान्य टिळक ह्यांनींच १९१६ सालीं लखनौस एकी साधण्यासाठीं मुसलमानांच्या विभक्त मतदारसंघांस मान्यता दिली, आणि १९१९ सालीं अमृतसरला, मिळालेल्या सुधारणांबाबत प्रतियोगी सहकारितेचा मार्ग सुचविला. ही तडजोड कोणत्याहि मापानें कडेची नव्हती.

ह्या विशेषणांचें व्याकरण ज्यांना सर्वांत आधीं कळलें त्यांत टिळक स्वतःच होते. १९०७ च्या जानेवारीच्या प्रारंभीं कलकत्त्यास नव्या पक्षाचीं तत्त्वें सांगतांना, हीं नांवें काळाबरोबर सरकत जाणारीं आहेत आणि पुढच्या पिढीला आपणहि मवाळच वाटूं, अशा आशयाचें विवेचन त्यांनीं केलें. सुरेंद्रनाथ बॅनर्जींचें चरित्र पाहिलें म्हणजे त्याची सत्यता पटते. न्यायालयाच्या अवमानाबद्दल १८८३ सालीं दोन महिन्यांचा तुरुंगवास भोगणारे सुरेंद्रनाथ त्या वेळीं तरुणांचें दैवत होते. १९१८ सालीं मुंबईस मवाळांची स्वतंत्र परिषद भरली तेव्हां तिचे अध्यक्ष तेच होते. माणूस थोडा सरकला असेल. पण त्याच्या भोंवतालची मोजपट्टी त्याहून पुष्कळ अधिक सरकली होती.

एवढें ज्ञान असूनहि सुरतेचा प्रसंग टळला नाहीं. १९०७ च्या डिसेंबरांत मंडपांत जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि राष्ट्रीय सभा दुभंगली. पुढच्याच वर्षीं टिळकांस सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. सभा पुन्हा एक व्हावयास १९१६ साल उजाडलें. फुटीचीं कारणें अर्थातच केवळ शब्दांत नव्हतीं. अध्यक्षाची निवड, बहिष्काराचा ठराव, परस्परांविषयींचा संशय, हीं सर्व खरींच होतीं. परंतु एकदां माणसाच्या कपाळीं ‘मवाळ’ वा ‘जहाल’ असा शिक्का बसला, कीं त्याचें म्हणणें काय आहे हें ऐकण्याची गरज कोणास उरली नाहीं, हें त्या काळचे वाद वाचतांना पदोपदीं जाणवतें. आणि खेद असा कीं, हे दोन पुरुष एकाच फर्ग्युसन कॉलेजचे अध्यापक. दोघांनींहि मुलांना गणित शिकविलेलें. मापावांचून आंकड्याला अर्थ नसतो, हें त्यांना सांगावयास नको होतें. तें त्यांच्या अनुयायांना सांगावयास हवें होतें.

१९१५ च्या फेब्रुवारींत गोखले वारले. पुण्यास त्यांच्या दहनाच्या प्रसंगीं टिळक बोलले. त्यांनीं गोखल्यांच्या देशसेवेचा मुक्तकंठानें गौरव केला आणि त्यांचें अनुकरण करा असें जमलेल्या लोकांस सांगितलें. त्या दिवशीं मवाळ कोण आणि जहाल कोण, ह्या प्रश्नाला जागाच उरली नव्हती.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेंच सांगत असतों: असें विशेषण लिहिण्यापूर्वीं कशापासून, किती आणि कोणाच्या मापानें, हे तीन प्रश्न स्वतःला विचारा. इंग्रजी सुधारण्यास हा नियम उपयोगी पडतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्या थोरांनींहि तो पाळून पाहावा.