दांड्यास जवसाचे तेल

मलिक अंबराने १६१० साली खडकी वसविली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. वसविणाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. येथील दारे-तुळया घडविणाऱ्या वाकसांच्या दांड्यांविषयी मात्र कोणी लिहिले नाही. आपल्या सुतार समाजाने तरी ते लिहावे.

गुलमंडीतील आमच्या ओसरीवर वडील घाण्याचे जवसाचे तेल मंद आंचेवर तापवीत, त्यात चौथाई मेण विरघळवीत व बाभळीच्या दांड्यास चोळीत. जवस या देशी फार जुना. नर्मदाकाठी नावडातोलीच्या उत्खननात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा सापडला आहे. खोबरेल चालत नसे, ते ओलेच राहते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून घाम व पाऊस लाकडात सहसा मुरत नाही.

मात्र घट्ट होताना ते तापते. बाळपणी आम्ही तेलकट फडक्यांचा बोळा भुशात टाकला. रात्री तो धुमसू लागला; वडिलांनी घागरभर पाणी ओतले म्हणून घर वाचले. आम्हांस ते रागावले नाहीत. फडकी दोरीवर सुटी पसरून वाळवावयास त्यांनी शिकविले, एवढेच.

पुढे आम्ही शिक्षक झालो, रंधा सुटला. वडिलांचा वाकस घरी आहे. दसऱ्यापूर्वी त्याच्या दांड्यास तेल आम्हीच लावतो. नातवंडांना अद्याप हात लावू दिलेला नाही.