इंडिया आणि भारत (देशनामाचा वाद)

'इंडिया' आणि 'भारत' ही दोन्ही नावे भारतीय संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात नोंदलेली आहेत. यांपैकी कोणते नाव केव्हा आणि कोणासमोर वापरावे, हा प्रश्न संविधान सभेपासून चर्चेत आहे. नावाच्या निवडीतून देशाची कोणती प्रतिमा जगापुढे व स्वतःच्या नागरिकांपुढे उभी राहते, हा त्यातील खरा वादविषय होय.

संविधान सभेतील चर्चा

१९४८ च्या मसुद्यात केवळ 'इंडिया' हे नाव होते. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'इंडिया, अर्थात भारत' हा सुधारित शब्दप्रयोग मांडला. १८ सप्टेंबर रोजी हरि विष्णू कामत यांनी आयर्लंडच्या राज्यघटनेच्या धर्तीवर 'भारत, किंवा इंग्रजी भाषेत इंडिया' अशी दुरुस्ती सुचवली. कामत नावाची पूर्वपीठिका सांगू लागताच, हे सारे उगाळणे आवश्यक आहे का, अशी विचारणा आंबेडकरांनी केली. सेठ गोविंद दास व कमलापती त्रिपाठी यांनाही 'भारत' हे नाव आधी हवे होते. कामत यांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळली गेली. गंमत अशी की, संविधानाच्या हिंदी पाठात 'भारत, अर्थात् इंडिया' असाच क्रम आढळतो. मराठी अनुवादात मात्र इंग्रजीप्रमाणे 'इंडिया' आधी येते.

आंतरराष्ट्रीय बाजू

'इंडिया' या नावाशी ब्रिटिश काळातील आंतरराष्ट्रीय वारसा जोडलेला होता. भारत १९४५ पासून संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य होता व फाळणीनंतरही ते सदस्यत्व त्याच नावाने कायम राहिले. पाकिस्तानला ३० सप्टेंबर १९४७ रोजी नवा सदस्य म्हणून प्रवेश मिळाला. नव्या राष्ट्राने 'इंडिया' हे नाव घेण्यास महंमद अली जिना यांचा आक्षेप होता. त्यांच्या दृष्टीने ते 'हिंदुस्थान' होते.

राजकीय वापर

महाराष्ट्रात शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी १९८० च्या सुमारास या दोन नावांना निराळाच अर्थ दिला. शेतमालाला रास्त भाव न मिळाल्याने नाडला जाणारा तो 'भारत' आणि त्या स्वस्ताईवर पोसला जाणारा तो 'इंडिया', अशी त्यांची मांडणी होती. येथे वाद इंग्रजी व देशी शब्दांचा नसून एकाच देशातील शोषक व शोषित घटकांचा होता. ही जोडी पुढे मराठी राजकीय भाषेत रूढ झाली.

जुलै २०२३ मध्ये विरोधी पक्षांच्या आघाडीने आपल्या नावाचे लघुरूप 'इंडिया' असे होईल अशी योजना केली. सप्टेंबरमध्ये नवी दिल्लीतील जी-२० शिखर परिषदेनिमित्त राष्ट्रपतींच्या भोजनाची इंग्रजी निमंत्रणे 'प्रेसिडेंट ऑफ भारत' या नावाने निघाली आणि परिषदेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यापुढील नामफलकावर 'भारत' असे लिहिलेले होते. हिंदी व मराठीत नेहमीच्या असलेल्या या शब्दाची चर्चा झाली, ती तो इंग्रजी मजकुरात आल्यामुळे. तुर्कस्तानच्या विनंतीवरून २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 'तुर्किये' हे नाव स्वीकारले होते. त्याची तुलना या वेळी वारंवार केली गेली. पहिल्या अनुच्छेदात मात्र बदल झालेला नाही. पारपत्राच्या मुखपृष्ठावर 'भारत गणराज्य' व 'रिपब्लिक ऑफ इंडिया' अशी दोन्ही नावे छापली जातात.