गिरणगावातील स्त्रिया आणि औद्योगिक ऱ्हासाचा कालनिर्णय

मुंबईच्या कापडधंद्याच्या ऱ्हासाचा इतिहास सामान्यतः 18 जानेवारी 1982 या दिवसापासून सांगितला जातो. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगारांनी केलेला तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, आणि पुढील काळात बहुतेक गिरण्या बंद पडल्या. पुरुष कामगारांपुरता हा कालनिर्णय ग्राह्य आहे. स्त्रियांच्या बाबतीत मात्र तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

1920 नंतरच्या दशकात गिरणीकामगारांपैकी सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या. त्या मुख्यतः रिळिंग व वाइंडिंग या खात्यांत नायकिणीच्या हाताखाली काम करीत. स्त्रियांच्या रात्रपाळीस कायद्याने बंदी होती. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. हे निर्बंध संरक्षणार्थ होते. परंतु त्यांचा भार टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे स्त्रियांना कामावर न घेणे, हे मालकवर्गाने ओळखले. त्यातच यंत्रपद्धतीत सुधारणा होऊन त्यांची खाती आकसत गेली. संपाच्या कितीतरी आधीच गिरणीतील स्त्रियांचे प्रमाण नगण्य झाले होते.

तथापि गिरणीच्या अर्थव्यवस्थेतून स्त्री बाहेर पडली नाही. रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून एकटे आलेले पुरुष महिन्याच्या उधारीवर खानावळीत जेवत, आणि अनेक खानावळी कामगारांच्या घरांतील स्त्रियाच चालवीत. वाण्याची व सावकाराची उधारी त्यांच्याच शिरावर असे. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ याच स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याच्या प्रयत्नातून उभे राहिले.

संपकाळात पगार थांबले आणि असंख्य कामगार गावी परतले. गावाकडील शेतीच्या आधारामुळे संप दीर्घकाळ टिकला, हे खरे. परंतु जेवणारा गावी गेला की खानावळवालीची उधारी बुडे आणि धंदाही बसे. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर घरे बांधली गेली, तेव्हा त्यांवर हक्क ठरला तो नोंदलेल्या कामगाराचा अथवा त्याच्या वारसाचा. जिने त्याला वर्षानुवर्षे जेवू घातले, तिचे नाव गिरणीच्या कोणत्याच हजेरीपटावर नव्हते.

सारांश, गिरणगावातील स्त्रीचा रोजगार दोनदा गेला : प्रथम यंत्राजवळून, नंतर चुलीजवळून. पहिल्या वेळी गिरण्या चालूच असल्यामुळे त्यास ऱ्हास म्हटले गेले नाही. दुसऱ्या वेळी ती ‘कामगार’ या संज्ञेतच बसत नव्हती. केवळ हजेरीपटावरून लिहिलेल्या इतिहासात या दोन्ही घटनांना स्थान मिळणार नाही.