रुग्णसेवेतील मदतनिसाचा पगार: एक पूर्वपीठिका

रुग्णालयात आया किंवा मदतनीस परिचारिका म्हणून काम पत्करावे की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रातील गरजू स्त्रीसमोर आज पगाराच्या आकड्याच्या रूपाने उभा राहतो. पण हा आकडा इतका लहान का राहिला, याचे उत्तर रुग्णालये उभी राहण्यापूर्वीच्या काळात शोधावे लागते. गावगाड्यात बाळंतपण करणारी सुईण अनेक भागांत हलक्या मानलेल्या जातीची असे. नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे रक्ताने भरलेले कपडे धुणे ही कामे विटाळाची समजली जात आणि त्यांबद्दल तिला धान्य, जुने लुगडे किंवा खण-नारळ मिळे, तोही यजमानाच्या ऐपतीप्रमाणे आणि मर्जीप्रमाणे. तिच्यावाचून अडत असूनही भाव ठरविणे तिच्या हाती नव्हते.

स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी आणि परिचारिका व सुइणी शिकून तयार व्हाव्यात, यासाठी 1885 मध्ये डफरिन फंड स्थापन झाला आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1891 मध्ये काशीबाई गणपत या भारतीय स्त्रीने परिचारिकेचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. मध्यमवर्गीय घरांतील स्त्रिया मात्र या कामाकडे वळल्या त्या मुख्यतः पुण्यातील सेवासदनामुळे. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी 1909 मध्ये उभारलेल्या या संस्थेने विधवांना ससून रुग्णालयात शिक्षणासाठी पाठविले, तेव्हा परपुरुषाचे अंग पुसणे आणि कोणत्याही जातीच्या रुग्णाला शिवणे यावरून सनातनी पुण्यात बराच गदारोळ झाला. दिराच्या किंवा भावाच्या घरी दोन वेळच्या जेवणासाठी राबणाऱ्या स्त्रीला विद्यावेतन, वसतिगृहातील खाट आणि पुढे स्वतःच्या नावाची नोकरी मिळत असेल, तर रक्कम किती हा प्रश्न तिच्या दृष्टीने दुय्यम होता. संस्थेचे धाडस थोरच म्हटले पाहिजे. तथापि त्याची एक किंमत होती, ती अशी की या कामाचा मोबदला कौशल्यावरून न ठरता निराधार स्त्रीच्या किमान गरजेवरून ठरू लागला, आणि तोच पायंडा पुढे टिकला.

देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालानुसार देशात सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका होती. ही तूट लवकर भरून काढण्यासाठी साहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, म्हणजे एएनएम, हा कमी मुदतीचा अभ्यासक्रम 1951 पासून सुरू झाला. अशा रीतीने उतरंड पक्की झाली: वर तीन वर्षांहून अधिक शिकलेली नोंदणीकृत परिचारिका, तिच्याखाली एएनएम, आणि तळाशी बेडपॅन देणारी, चादर बदलणारी, पक्षाघाताच्या रुग्णाची कूस वळवणारी आया, जिचे शिक्षण वॉर्डातच, हाताखाली राबून होई. 1973 मध्ये कर्तारसिंग समितीने एएनएमला बहुउद्देशीय आरोग्यसेविका करण्याची शिफारस केली. सरकारी उपकेंद्रातील या सेविकेला वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन मिळे, आणि खेड्यापाड्यांतील मुलींनी ही वाट धरली ती बव्हंशी त्या हमीपोटी, हे नाकारता येत नाही. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आल्यावर कंत्राटी नेमणुका वाढल्या आणि पगाराच्या जागी मानधन आले. पगार थोडा, पण नोकरी पक्की, हा जुना सौदा तिथेच मोडला.

शहरांत मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत वृद्धांच्या घरी बारा किंवा चोवीस तासांची ड्युटी करणाऱ्या 'मावशी'ला तर पूर्वीच्या वसतिगृहाचे छत्रही नाही. ब्युरोचे कमिशन वजा जाता जे हाती येते, तेवढेच तिचे. म्हणून कमी पगाराचे हे काम पत्करण्यासारखे आहे का, याचा निवाडा पहिल्या महिन्याच्या रकमेपेक्षा पुढच्या वाटेवरून करणे इतिहासाला धरून होईल. एएनएम म्हणून परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेल्या स्त्रीला जीएनएम या नोंदणीकृत परिचारिकेच्या वरच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेता येतो. वॉर्डात वीस वर्षे काढलेल्या आयेचा अनुभव मात्र त्या प्रवेशासाठी धरला जात नाही.